मोटर निवडताना गरजेचा हिशेब

आपल्या जिल्ह्यात मोटर म्हटली की विहिरीवरचा पंप किंवा जिनिंगमधील यंत्रे आठवतात. घरातील नातवाने लहान चाकांवर विजेची गो-कार्ट जोडण्याचा ध्यास घेतला, तर मोटर किती मोठी घ्यावी, हा प्रश्न पुढे येतो. कर्जाच्या अर्जाप्रमाणे येथेही मागणी बाजूस ठेवून गरज तपासावी.

गाडी, बॅटरी व चालक यांचे वजन मिळून १०० किलो आणि वेग ताशी १५ किलोमीटर धरू. सपाट, टणक जमिनीवर सुमारे ८० वॉट पुरतात. मात्र १०० मीटरला ५ मीटरचा चढ लागला, की गरज २८५ वॉटच्या आसपास जाते. साखळी व गिअरमधील घट धरूनही ५०० वॉटची मोटर पुरे. १ अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. म्हणजे येथे पाऊण अश्वशक्तीही लागत नाही. पंपाची मोटर मात्र येथे चालणार नाही. ती घरच्या विजेवर चालते, बॅटरीवर नव्हे.

५०० वॉटसाठी २४ व्होल्टवर सुमारे २१ अँपिअर प्रवाह लागतो, तर ४८ व्होल्टवर त्याच्या निम्मा. प्रवाह कमी, तर तारा कमी तापतात. बॅटरीजवळ फ्यूज हवाच. कार्बन ब्रशची मोटर जोडण्यास सोपी, परंतु ब्रश झिजतात. बिनब्रशची मोटर टिकाऊ, मात्र तिला जुळणारा कंट्रोलर अनिवार्य. मोटर मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर २५ सेंटीमीटर व्यासाच्या चाकाला या वेगासाठी सुमारे ३२० फेरेच हवेत. गिअरने ही घट न साधल्यास चढावर मोटर तापून जळते.

दुकानात थोडे अधिक पैसे टाकून दुप्पट शक्तीची मोटर घेण्याचा मोह होतो. पण वेग दुप्पट झाला, तर गाडी थांबण्यास लागणारे अंतर चौपट होते. म्हणून मोटरवर वाचलेली रक्कम ब्रेक, हेल्मेट आणि वीज तोडणाऱ्या बटणावर खर्चावी.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील सुट्या भागांतून जीप घडवली. २०२१ साली आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले, तरी ती रस्त्याच्या नियमांत बसत नसल्याचेही सांगितले आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. तेव्हा आपली गो-कार्ट बंदिस्त अंगणात किंवा मोकळ्या मैदानातच, मोठ्यांच्या नजरेखाली चालवू द्यावी. मोटर घेण्यापूर्वी हा हिशेब मुलाकडूनच कागदावर मांडून घ्यावा. आकडे जुळले, की मगच पाकीट उघडावे.