आधी दर, मग अक्षर

स्वारगेट एसटी स्थानकाच्या आसपास खांबांवर, थांब्यांवर ‘घरबसल्या टायपिंग, लेखन, महिन्याला हजारो रुपये’ अशा छापाच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या दिसतात. सोलापूर, बार्शी, सातारा, सांगलीची एसटी इथेच थांबते. त्या एसटीतून आपली मुलं-मुली उतरतात आणि घोरपडे पेठेत, मोमीनपुऱ्यात, काशेवाडीत किंवा पुढे कोंढव्यात खोली शोधतात. मेस, खोलीभाडं आणि कॉलेजची फी यांचा मेळ बसत नाही, तेव्हा हातातला मोबाइल आणि येणारी भाषा एवढंच भांडवल उरतं. म्हणून ‘ऑनलाइन लिहून पैसे मिळतात का?’ हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या क्षेत्रात लिहिणाऱ्यांना पैसे देऊन काम करून घेतात, त्यामुळे हा बाजार मला देणाऱ्याच्या बाजूनेही दिसतो.

उत्तर ‘मिळतात’ असंच आहे. पण खांबावरच्या चिठ्ठीतून मिळत नाहीत. त्यातला नेहमीचा प्रकार असा: आधी ‘रजिस्ट्रेशन फी’ घ्यायची, मग शेकडो पानं टाइप करायला द्यायची, ‘अचूकता कमी पडली’ म्हणून पैसे नाकारायचे आणि उलट वकिलाच्या नावाने खोटी नोटीस पाठवून घाबरवायचं. काम देणारा कधी तुमच्याकडून पैसे घेत नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा. कुणी फसलंच, तर लाजून गप्प बसू नका. 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा.

खरं काम वेगळं आहे. मोबाइल ॲपमधला मजकूर मराठीत आणणं, मालिकांची सबटायटल्स, यूट्यूब वाहिन्यांच्या संहिता, ऑडिओ कथामालिकांचे भाग, दवाखाने आणि विमा कंपन्यांची माहितीपत्रकं, सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते सांगणारी तांत्रिक पुस्तिका. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आलं आणि इंग्रजीत साचेबंद ब्लॉग लिहून देणाऱ्यांच्या कामावर गदा आली, हे खरं आहे. इकडचं तिकडे करून लिहिणं आता यंत्र फुकट करतं. ज्याला विषय माहीत आहे आणि भाषेची नस कळते, त्याची गरज मात्र टिकून आहे. आपल्या कित्येक घरांत दखनी बोलतात, शाळा मराठी असते, मकतबमध्ये उर्दू-अरबी लिपी शिकवतात आणि कॉलेज इंग्रजीत असतं. आपण याला ‘कुठलीच भाषा धड येत नाही’ म्हणून रडतो. भाषांतराच्या बाजारात ही शिदोरी आहे, फक्त तिच्यावर मेहनत घ्यावी लागते.

तरीही माझं खरं म्हणणं काम कसं मिळवावं याबद्दल नाही. आपली मुलं लिहायला शिकतात, पण दर बोलायला लाजतात, याबद्दल आहे.

स्वारगेटपासून हाकेच्या अंतरावर गुलटेकडीचं मार्केट यार्ड आहे. तिथे पोतं उचलणाऱ्या हमालाला त्याचा दर माहीत असतो. तो दर आभाळातून पडलेला नाही. बाबा आढाव यांच्यासोबत हमाल पंचायतीने पुण्यात वर्षानुवर्षं लढून हमालीला कामगाराची प्रतिष्ठा मिळवून दिली. 1969 च्या माथाडी कायद्याने नोंदणी आली, मंडळामार्फत मजुरी आली, भविष्य निर्वाह निधी आला. आणि त्याच रस्त्यावरून जाणारा आपला पदवीधर मुलगा ‘आधी पाच लेख पाठव, मग बघू’ एवढ्या भरवशावर रात्रभर लिहितो. दर ठरलेला नाही, तारीख ठरलेली नाही, लेख कुणाचा हेही ठरलेलं नाही. महिन्याभराने समोरचा फोन उचलत नाही. हमालाकडे जे आहे ते शिकलेल्या मुलाकडे का नसावं?

‘पैशाचं आधी बोललं की माणूस लोभी वाटतो’ असं आपल्याकडे मानतात. ‘भाई, आपसातलं काम आहे, लिखापढी कशाला?’ हे तर ठरलेलं वाक्य. अशांना मी एक आठवण करून देतो. कुरआनमधली सर्वांत लांब आयत सूरह बकराची 282 वी आहे आणि तिचा विषय उधारीचा व्यवहार हा आहे. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवावा, रक्कम लहान आहे म्हणून लिहायचा कंटाळा करू नये, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावं आणि लिहिणाऱ्याला त्रास पोचू नये, असा तिचा आशय आहे. आज काम आणि पुढच्या महिन्यात पैसे, हाही मुदतीचाच व्यवहार. तेव्हा ईमेलवर अटी मागणं हा अविश्वास ठरत नाही. दीन मानणाऱ्याने तर त्यात संकोच करण्याचं कारणच नाही.

देशाचा कायदाही इथे लिहिणाऱ्याच्या बाजूने आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार, नोकरीत नसलेल्या लेखकाच्या लेखाचा पहिला मालक तो स्वतः असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच हक्क गेले असं मानतात. हे माहीत नसल्यामुळे मुलं ‘सर्व हक्क कायमचे, जगभरासाठी’ या ओळीखाली न वाचता सही करतात. मोठमोठ्या गीतकारांचीही हीच अडचण होती. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी हा प्रश्न लावून धरला आणि 2012 च्या दुरुस्तीने चित्रपटात वापरलेल्या गीत-संगीताच्या रॉयल्टीचा हक्क निर्मात्याला सहजी लिहून घेता येणार नाही, अशी तरतूद झाली. ज्यांचं नाव घराघरांत आहे त्यांना कायदा बदलून घ्यावा लागला, मग आपण दोन ओळी वाचायचा आळस का करावा?

पैसे अडकण्यावरही उपाय आहे. ‘उद्यम’ या सरकारी पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून सेवा देणाऱ्यालाही नोंदणी करता येते. आधार क्रमांक लागतो, फी नाही. काम घेण्याआधी ही नोंदणी केलेली असेल, तर 2006 चा एमएसएमई कायदा मदतीला येतो. देशातल्या ग्राहकाशी लेखी मुदत ठरली असेल तरी ती 45 दिवसांपेक्षा जास्त चालत नाही आणि काहीच ठरलं नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात. थकवणाऱ्याविरुद्ध ऑनलाइन तक्रार करता येते. कायदा उशिरावर व्याजही देतो. व्याज घेणं ज्याला पटत नाही, त्याने ते खुशाल सोडावं. पण व्याज नको म्हणून घामाची मूळ रक्कम सोडण्यात कसली नेकी?

दर कसा ठरवायचा? शब्दामागे किती, यापेक्षा तासामागे किती पडले ते पाहा. समजा 800 शब्दांना 800 रुपये ठरले. वाचन, लेखन आणि दोनदा दुरुस्ती मिळून पाच तास गेले, तर तासाला 160 रुपये. फायव्हरसारखा मंच त्यातले 20 टक्के कापतो, म्हणजे उरले 128. इंटरनेट आणि वीज वेगळी. हा हिशोब तीन-चार कामांचा वहीत मांडला की पुढच्या वेळी तोंडातून आकडा आपोआप निघतो. दुरुस्त्या किती वेळा करून देणार तेही आधीच सांगा आणि मोठ्या कामाला काही रक्कम आगाऊ मागा.

आता नावाचा प्रश्न. ‘प्रोफाइलवर खरं नाव ठेवू का?’ असं मुलं दबक्या आवाजात विचारतात. ही भीती हवेतली नाही. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी 2007 साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये मांडलेल्या अभ्यासात, पात्रता सारखी असूनही मुस्लिम नावाच्या अर्जांना खासगी कंपन्यांकडून बराच कमी प्रतिसाद मिळाल्याचं दिसलं होतं. तरी मी म्हणेन, खरंच नाव ठेवा. पॅन, बँक खातं आणि मंचाची ओळख पडताळणी एकाच नावावर चालते, हे व्यावहारिक कारण. दुसरं कारण मोठं आहे. लेखकाची पत नावावर साठते. टोपणनावावर दहा वर्षं साठवलेली पत उद्या तुमची आहे हे सिद्ध कसं करणार? हमीद दलवाई आचार्य अत्र्यांच्या ‘मराठा’त याच नावाने लिहीत होते. बार्शीचे शाहीर अमर शेख संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा आवाज झाले. मराठी वाचकाला आपली नावं नवी नाहीत. काही कामं नावामुळे हातची जातील. जी येतील ती तुमची असतील.

नाव खरं ठेवलं की काय लिहायचं नाही हेही ठरवावं लागतं. या बाजारात चटकन पैसे देणारी तीन कामं आहेत: सट्ट्याच्या ॲपची जाहिरात, दुसऱ्या विद्यार्थ्याचं ब्लॅक बुक लिहून देणं आणि निवडणुकीच्या तोंडावर कुठल्यातरी समाजाविरुद्ध पोस्ट पाडणं. पहिल्यावर तर 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने, पैसे लावून खेळायच्या खेळांच्या जाहिरातींना बंदीच घातली आहे. उरलेल्या दोन कामांबाबत कायद्याची वाट पाहू नका. हलाल कमाईचा विचार फक्त ताटातल्या मटणापुरता नसतो.

शेवटचा मुद्दा आपल्या बहिणींचा. घरून करता येतं म्हणून हे काम अनेक मुलींना सोयीचं वाटतं आणि ते बरोबरही आहे. पण ‘घरबसल्या’ या शब्दाने त्या कामाची किंमत घरातच कमी होते. लिहीत बसलेल्या मुलीला दर दहा मिनिटांनी उठवलं जातं आणि पैसे भावाच्या नाहीतर अब्बांच्या खात्यात जातात. खातं तिचं हवं, पॅन तिचा हवा, बिल तिच्या नावाचं हवं. ग्राहकाने टीडीएस कापला तर तो तिच्या पॅनवर दिसेल, रिटर्न भरल्यावर कर लागत नसेल तर परत मिळेल. चार वर्षांची रिटर्न्स हातात असली की कर्ज, पासपोर्ट, भाड्याचं घर या सगळ्या ठिकाणी ‘मी काय करते’ हे सांगायला कागद असतो. पुण्यात आपल्या नावाला घर मिळताना किती प्रश्न विचारतात, हे वेगळं सांगायला नको.

सच्चर समितीने 2006 मध्येच नोंदवलं होतं की मुस्लिम कामगारांत स्वयंरोजगाराचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. गॅरेज, शिलाई, फळगाडी, वेल्डिंग. आपल्याला एकट्याने पोट भरायची सवय आहे, एकत्र येऊन दर ठरवायची नाही. म्हणून चळवळीकडे माझी मागणी आहे. एक पानाचा मराठी करारनामा तयार करा, ज्यात काम, दर, मुदत, दुरुस्त्या आणि हक्क या पाच गोष्टी असतील. लिहिणाऱ्या मुला-मुलींना महिन्यातून एकदा एकत्र बसवा. कुणाला काय दर मिळाला आणि कुणी पैसे बुडवले हे तिथे उघड बोललं जाऊ दे. मसुदा लिहून द्यायला आणि उद्यमची नोंदणी करून द्यायला मी रविवारी यायला तयार आहे. जागा तुम्ही ठरवा.