०-१०० चा आकडा सोडा, रोड टेस्टमध्ये 'चौथ्या गिअर'ची ओळ शोधा

ऑक्टोबर २०२५ मध्ये स्कोडाने ऑक्टाव्हिया आरएस भारतात परत आणली. फक्त १०० गाड्या, किंमत ४९.९९ लाख, ताकद २६५ पीएस आणि कंपनीच्या दाव्यानुसार ०-१०० अवघ्या ६.४ सेकंदांत. पण गिअरबॉक्स एकच, ७-स्पीड डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक. हीच कंपनी २०११ मध्ये लॉरा आरएस ६-स्पीड मॅन्युअलसह विकत होती. आज स्वतः गिअर टाकायची हौस असेल, तर गाडी शोधताना नजर खालच्या किमतीत जाते: फोक्सवॅगन व्हर्टस जीटी, ह्युंदाई व्हर्ना टर्बो. ताकद १५० ते १६० पीएस, टॉर्क २५० एनएमच्या आसपास.

या गाड्यांचे रिव्ह्यू आपण रील्सवर बघतो आणि लक्षात काय राहतं? ०-१०० चा आकडा. खरं सांगायचं तर जळगाव-धुळ्याच्या माणसाला त्याचा उपयोग सगळ्यात कमी.

आपले रस्ते आठवा. शिरपूर-चोपडा-यावल-रावेर या पट्ट्यात पुढे केळीचा ट्रक, त्याच्यापुढे उसाची ट्रॉली, समोरून एसटी. तुम्ही थांबलेले नसता, ५०-६० च्या स्पीडने मागे अडकलेले असता. तिथे प्रश्न एकच: ६० वरून १०० ला किती वेळात पोचतो?

समजा एका गाडीला ६ सेकंद लागतात आणि दुसरीला ९. ताशी ८० च्या सरासरीने त्या जादा ३ सेकंदांत तुमची गाडी सुमारे ६७ मीटर जाते. समोरून ८० ने येणारं वाहनही तेवढंच जवळ येतं. म्हणजे तुम्हाला सव्वाशे मीटरहून जास्त मोकळा रस्ता लागतो. ०-१०० मध्ये ही गोष्ट दिसतच नाही.

ही माहिती ऑटोकार इंडियासारख्या मासिकांच्या रोड टेस्टमध्ये असते. तिसऱ्या गिअरमध्ये २०-८० आणि चौथ्या गिअरमध्ये ४०-१०० असे वेळ ते उपकरणाने मोजून छापतात. मात्र इथेच एक गोची आहे. ऑटोमॅटिकमध्ये पेडल दाबलं की गिअरबॉक्स स्वतःच दोन गिअर खाली येतो. मॅन्युअलची चाचणी त्याच गिअरमध्ये अडकवून घेतात. त्यामुळे शेजारी-शेजारी छापलेले आकडे बघून "मॅन्युअल स्लो आहे" म्हणणं चुकीचं. मॅन्युअलची तुलना मॅन्युअलशीच करा.

चौथ्यात ४० चा स्पीड म्हणजे या गाड्यांचं इंजिन दीड हजार आरपीएमच्या आसपास किंवा त्याखाली असतं. १.५ टीएसआय इंजिनाचा पूर्ण टॉर्क १६०० आरपीएमला सुरू होतो. त्याआधी टर्बो झोपेत असतो, पेडल दाबलं तरी गाडी क्षणभर "थांब रे भो" म्हणते. म्हणून चौथ्यातला वेळ फार लांब असेल, तर प्रत्येक ओव्हरटेकला तिसरा टाकावाच लागेल हे समजून घ्या. ज्याला सवय आहे त्याला अडचण नाही, नवख्याने मात्र जपून.

आता चाचणी होते कुठे? बऱ्याच गाड्यांची नॅट्रॅक्सवर. धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने शिरपूर, सेंधवा ओलांडून वर गेलं की मध्य प्रदेशात पीथमपूर येतं. तिथला ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. तो गुळगुळीत, मोकळा. ना ट्रॅक्टर, ना म्हैस. गाडीत सहसा एक-दोन माणसं. आपण लग्नाला निघालो की पाच जण, बॅगा आणि एसी फुल्ल. सव्वा टनाच्या गाडीत अडीचशे किलो जादा चढले की आकडा बदलणारच.

त्यात मे महिना. २५ अंशांऐवजी ४५ अंशांची हवा सुमारे सहा टक्के विरळ असते. टर्बो आणि इंटरकूलर बरंच सांभाळून घेतात, पण हवा तापली की इंजिनाचा कॉम्प्युटर ठोका टाळायला इग्निशन मागे घेतो आणि थोडी ताकद जाते. म्हणून रिव्ह्यू वाचताना टेस्ट कोणत्या महिन्यात झाली तेही बघा.

ग्राउंड क्लिअरन्सचंही तसंच. व्हर्टस आणि स्लाव्हियाचा १७९ मिलिमीटर हा आकडा रिकाम्या गाडीचा. माणसं बसली की गाडी खाली बसते आणि गावातला स्पीडब्रेकर तेव्हाच आडवा येतो.

शोरूमला गेलात की आधी विचारा, आज कोणत्या व्हेरियंटला मॅन्युअल मिळतंय. टेस्ट ड्राइव्हला बहुतेक वेळा ऑटोमॅटिकच पुढे करतात, ती नको म्हणा. धुळ्यात असाल तर घरचे तिघे सोबत घेऊन ललिंगच्या चढावर जा. मागेपुढे रस्ता मोकळा बघून ५० च्या स्पीडला चौथ्यात पेडल दाबा, मग हेच तिसऱ्यात करून बघा. जळगावकरांनी पाळधीकडे निघावं. चढ नाही, पण येताना शहराच्या गर्दीत क्लच दाबून दाबून डावा पाय किती दुखतो ते तरी कळेल.