पात्र ‘नाही’ म्हणतं तेव्हा

व्रॉन्स्की स्वतःवर गोळी झाडून घेणार आहे, हे टॉलस्टॉयना माहीत नव्हतं. ‘ॲना कॅरेनिना’ तेव्हा एका रशियन मासिकात क्रमशः येत होती. बाळंतपणानंतर ॲना मरणाच्या दारात पोचलेली, तिच्या खोलीत नवरा आणि प्रियकर समोरासमोर, नवरा दोघांनाही क्षमा करतो आणि व्रॉन्स्की शरमेने ओंजळीत तोंड लपवतो, इथवर लिहून झालं होतं. टॉलस्टॉय त्यावर पुन्हा हात फिरवायला बसले आणि त्यांच्या ध्यानीमनी नसताना व्रॉन्स्कीने पिस्तूल उचललं. एप्रिल 1876 मध्ये स्त्राखोव या मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी हे स्वतःच सांगितलं आहे. पुढच्या कथानकासाठी ते घडणं किती गरजेचं होतं, हे त्यांना मागाहून उमगलं.

ॲनाचीही हीच तऱ्हा. जानेवारी 1872 मध्ये टॉलस्टॉयच्या गावाजवळच्या यासेंकी स्टेशनवर ॲना पिरोगोवा नावाच्या बाईने मालगाडीखाली जीव दिला. शेजारच्या एका जमीनदाराच्या घरात राहणारी ही बाई. टॉलस्टॉयनी तिचं प्रेत पाहिलं होतं. पुढच्या वर्षी त्यांनी कादंबरी लिहायला घेतली तेव्हा त्यांच्या डोक्यातली नायिका थोराड, भडक वागणारी, वाचकाला जिचा राग यावा अशी होती. कादंबरीच्या माथ्यावर त्यांनी बायबलमधलं सूडाचं वचन घातलं. म्हणजे निवाडा आधीच ठरलेला होता. मग एकामागून एक खर्डे होत गेले आणि ती बाई बदलत गेली. जिला दोषी ठरवायचं होतं, तिच्यावर वाचक आज दीडशे वर्षं जीव लावून आहेत. तिच्याशी तुम्ही फार निर्दयपणे वागलात, अशी तक्रार एका परिचिताने केली तेव्हा टॉलस्टॉयनी त्याला पुश्किनचा किस्सा ऐकवला. माझ्या नायिकेने, तात्यानाने, लग्न करून मला चकितच केलं, असं पुश्किन मित्राला म्हणाला होता. माझी पात्रंही तशीच वागतात, असं टॉलस्टॉयचं उत्तर.

लेखक असं बोलायला लागले की आपल्याकडे कुणी त्यात साक्षात्कार शोधतं, कुणी त्याला आव म्हणून उडवून लावतं. मला दोन्ही पटत नाही. एका दिवाळी अंकाच्या कथा मी कित्येक वर्षं वाचते आहे, निवडते आहे, त्यांवरून लेखकांशी फोनवर वाद घालते आहे. त्या कामातून माझं मत पक्कं झालंय. पात्र लेखकाला ‘नाही’ म्हणतं तेव्हा ते कथेवर उपकार करत असतं. आणि तो नकार ऐकून घ्यायला लागणारा वेळ आपण, कथा मागवणारी माणसं, लेखकाला देत नाही.

मी नेमकं कशाबद्दल बोलते आहे, ते एका कथेवरून सांगते. सातारा जिल्ह्यातल्या एका शिक्षकाची कथा, विषय हक्कसोडपत्राचा. वडिलोपार्जित जमिनीत मुलींना बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये दिला, देशभर तो 2005 च्या दुरुस्तीने आला. तरी आजही गावोगावच्या बहिणी भावांसाठी हक्क सोडून देतात, साडीचोळी घेऊन परत जातात. कथेतली बहीण पन्नाशी ओलांडलेली, चौथी शिकलेली. भाऊ तिला सकाळी गाडी घेऊन न्यायला येतो, वाटेत हॉटेलात मिसळ खाऊ घालतो, तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात आणून बसवतो. फोटो काढला जातो, यंत्रावर अंगठा घेतला जातो, सहीसाठी कागद पुढे येतो. इथे लेखकाने तिच्या तोंडी तीन पानांचं भाषण योजलं होतं. कायदा, आईचे कष्ट, बापाच्या आजारपणात भावांनी फिरवलेली पाठ, सगळं त्यात होतं. भाषण संपवून ती कागद फाडणार होती.

शिक्षकांचा एके रात्री फोन आला. “मॅडम, ती बोलायलाच तयार नाही. भाषण लिहून ठेवलंय, पण तिच्या तोंडात बसंना.” मी विचारलं, मग ती काय करते आहे? ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “कागदावर बोट फिरवतीय. काहीतरी हुडकतीय.”

काय हुडकते आहे, हे त्यांना कळायला आणखी काही आठवडे गेले. मग कुरिअरने दोन्ही खर्डे आले. पहिल्यातल्या तीन पानांवर उभी तांबडी रेघ मारलेली होती. दुसऱ्या खर्ड्यात ती बाई कारकुनाला एवढंच विचारते, “ह्यात माझ्या बाचं नाव कुठं हाय?” तो पेनाने दाखवतो. ती त्या नावावर बोट ठेवते आणि त्याला मोठ्याने वाचायला लावते. तो वाचतो. मागच्या रांगेतला माणूस घाई करायला लागतो. भाऊ खिडकीबाहेर बघत राहतो. ती सावकाश, एकेक अक्षर काढत सही करते.

भाषणाच्या कथेत भाऊ खलनायक ठरला असता आणि वाचक टाळ्या वाजवून मोकळा झाला असता. या कथेतून वाचकाची सुटका नाही. बापाचं नाव ऐकण्यापुरता त्या जमिनीवर आपला हक्क आहे, असं त्या बाईला वाटतं, आणि तेवढंसुद्धा तिला मागून घ्यावं लागतं. हे लेखकाला कुणी शिकवलं नव्हतं. नंतर बोलता बोलता ते म्हणाले की विद्यार्थी असताना ते आत्याबरोबर अशाच एका कार्यालयात गेले होते, आणि तिथलं त्यांना काही आठवत नाही. मला वाटतं, आठवत नव्हतं ते त्यांना. त्या बाईला सगळं आठवत होतं. लेखकाजवळ साठलेलं पण त्याच्या हाताला न लागलेलं असं पुष्कळ असतं. त्यातलं काही कथेतली माणसं बाहेर काढतात, तीही लेखकाने त्यांना अडवलं नाही तरच.

ही कथा आमच्याकडे छापून येण्याआधी एका स्पर्धेतून परत आली होती. सोबत परीक्षकांचा शेरा होता : नायिकेने विरोध करायला हवा होता. स्पर्धेच्या नियमपत्रिकेत ‘समाजाला संदेश देणारी कथा’ अशी अट होती, त्या अटीला धरून तो शेरा बरोबरच म्हणायचा. माझं भांडण त्या अटीशी आहे. शेवट आधी ठरवून लेखकाला कामाला लावलं की त्याच्या पात्रांना तोंड उघडायची सोयच राहत नाही. आम्ही ती कथा छापली. तिच्यावर जेवढी पत्रं आली तेवढी त्या अंकातल्या दुसऱ्या कुठल्याच मजकुरावर आली नाहीत, आणि बहुतेक पत्रं बायकांची होती.

या सगळ्याला कादंबरीकार नाबोकोव्हचा कडक विरोध होता, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. 1967 मध्ये ‘पॅरिस रिव्ह्यू’च्या मुलाखतीत पात्रं हाताबाहेर जाण्याचा विषय निघाला तेव्हा त्याने ती कल्पनाच झिडकारली. आपली पात्रं म्हणजे जहाजावर वल्ही मारणारे गुलाम आहेत, असं तो म्हणाला. लेखक आपल्या मजकुराला पूर्ण जबाबदार आहे, असा त्याचा अर्थ मी घेते आणि तेवढ्यापुरती मी त्याच्याच बाजूची आहे. ‘मी काय करू, पात्रानेच असं लिहून घेतलं’ ही सबब सांगून विस्कळीत कथा पुढे करणारे लेखक मला दरवर्षी भेटतात, आणि त्यांच्या कथा मी परत पाठवते. पात्राने सुचवलं तरी ठेवायचं की खोडायचं, हा निर्णय लेखकाचाच.

पण नाबोकोव्हच्याच प्निनकडे बघा. परदेशात रुजू न शकलेला, इंग्रजीशी झगडणारा हा रशियन प्राध्यापक कादंबरीच्या शेवटी मरणार, असा मूळ बेत होता. प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रात नाबोकोव्हने तो मांडला होता. 1957 मध्ये पुस्तक आलं तेव्हा प्निन जिवंत होता. निवेदक कॉलेजात त्याची जागा घ्यायला येतो आणि प्निन आपल्या छोट्या गाडीत कुत्र्याला घेऊन त्याच्या डोळ्यांदेखत निघून जातो. पाच वर्षांनी ‘पेल फायर’मध्ये तो पुन्हा दिसतो, दुसऱ्या कॉलेजात, रशियन विभागाचा प्रमुख होऊन. या गुलामाने वल्ही टाकून किनारा गाठला. मालकाने मुलाखतीत काहीही म्हटलं असलं, तरी त्याला जाऊ दिलं ते त्यानेच.

मानसशास्त्रज्ञांनीही याचा पाठपुरावा केला आहे. ओरेगन विद्यापीठातल्या मार्जोरी टेलर लहान मुलांच्या काल्पनिक सवंगड्यांचा अभ्यास करत. हे सवंगडी मुलांचं ऐकत नाहीत, त्यांच्याशी भांडतात, हे त्यांनी पाहिलं होतं. मग त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 50 कथालेखकांशी बोलून तसाच शोध घेतला, आणि पात्रं आपलं ऐकत नाहीत हा अनुभव बहुतेक सगळ्यांनाच कमीअधिक प्रमाणात आलेला होता. पुढे डरहॅम विद्यापीठाच्या अभ्यासकांनी एडिंबरा ग्रंथमहोत्सवाला आलेल्या 181 लेखकांना विचारलं. 2020 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 63 टक्के लेखकांना लिहिताना पात्रांचे आवाज ऐकू येत होते, 61 टक्के म्हणत होते की पात्रं आपल्या मनाने वागू शकतात. टेलर यांनी सुचवलेलं कारण मला पटतं. हा सरावाचा परिणाम आहे. वर्षानुवर्षं स्वयंपाक केलेल्या बाईचा हात मिठाच्या बरणीत अंदाजाने जातो, तसं मुरलेल्या लेखकाचं मन पात्राचं पुढचं पाऊल हिशेब न करता काढतं. काढलेलं दिसतं, काढताना दिसत नाही. म्हणून ते दुसऱ्या कुणाचं वाटतं. यात दैवी काही नाही, पण हे फुकटही मिळत नाही.

आपल्या परंपरेला तर यात नवल वाटण्याचं कारणच नाही. महाभारताचा कर्ता आपल्याच गोष्टीत राहतो. धृतराष्ट्र आणि पंडू हे व्यासांचेच मुलगे. व्यास पुन्हा पुन्हा येऊन धृतराष्ट्राला सांगतात, दुर्योधनाला आवर. मुलगा ऐकतो आणि काही करत नाही. युद्धाआधी ते आंधळ्या धृतराष्ट्राला दृष्टी देऊ करतात. तो म्हणतो, कुळाचा संहार मला बघायचा नाही. मग ती दृष्टी संजयाला मिळते. ग्रंथ संपतानाही व्यास दोन्ही हात उंचावून ओरडताहेत आणि कुणी ऐकत नाही, असं चित्र आहे. ऐकलं असतं तर महाभारत झालं नसतं. आपल्या पात्रांवर कर्त्याची सत्ता किती चालते, याचं याहून मोठं उत्तर मला माहीत नाही.

मराठी रंगभूमीवर महेश एलकुंचवारांच्या धरणगावकर देशपांड्यांचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. ‘वाडा चिरेबंदी’ 1985 मध्ये आलं. तात्याजी गेलेले, मुंबईहून सुधीर-अंजली आलेले, दारात ट्रॅक्टर गंजत पडलेला. नाटक म्हणून ते पुरं होतं, त्याला आणखी काही जोडायची गरज नव्हती. तरी एलकुंचवार त्या घरात परतले, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ लिहिली गेली, आणि 1994 मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनी तिन्ही नाटकं सलग रंगवली. त्या माणसांचं जगणं पहिला पडदा पडल्यावर थांबलं नव्हतं, हे तो दीर्घ प्रयोग बघताना पदोपदी जाणवायचं.

याच्याशी एका गोष्टीची गल्लत होते. कॉनन डॉयलनी 1893 मध्ये शेरलॉक होम्सला रायशेनबाखच्या धबधब्यात ढकललं आणि 1903 मध्ये त्याला परत आणावं लागलं. होम्सला परत आणलं ते वाचकांच्या रेट्याने आणि प्रकाशकांच्या पैशाने. आपल्या मालिकांमध्ये हेच दर आठवड्याला चालतं. टीआरपी घसरला की सोशिक सून एका रात्रीत कारस्थानी होते, मेलेला नवरा दाढी वाढवून परत येतो. मालिका लिहिणारे माझे मित्र सांगतात, की ही बाई असं करणार नाही हे आम्हाला चांगलं कळतं, पण ते बैठकीत बोलायची सोय नसते. तिथे पात्राच्या वतीने बोलणारा कुणीच नसतो.

दिवाळी अंकांत तरी तो असायला हवा. 1909 मध्ये ‘मनोरंजन’ने दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथा या अंकांच्या आधाराने वाढली. आज आपण जूनमध्ये पत्र पाठवतो, ऑगस्टच्या आत कथा मागतो, वर विषय आणि शब्दमर्यादाही सांगतो. एवढ्या वेळात ठरलेलंच लिहून होतं. कागदावर बोट फिरवणारी बाई काय हुडकते आहे, ते कळायला जे आठवडे लागतात ते कुठून आणायचे? माझ्या सहकारी संपादकांना विनंती आहे : कथांची पत्रं फेब्रुवारीत पाठवा, विषय सांगू नका. स्पर्धा भरवणाऱ्यांनी संदेशाची अट नियमपत्रिकेतून काढून टाकावी. आणि लिहिणाऱ्यांनो, तुमचं पात्र ठरलेलं वाक्य बोलायला तयार नसेल, तर दुसऱ्याचं वाक्य त्याच्या तोंडी कोंबून तारीख पाळू नका. संपादकाला फोन करा, मुदत वाढवून मागा. आमच्या अंकात ती मिळेल.