आधी तिकीट, मग भाषण

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या मोहल्ल्यात सत्काराचा हंगाम सुरू होतो. शादीखान्यात मुलांना ट्रॉफ्या दिल्या जातात आणि बाहेरून आलेला वक्ता तासभर सांगतो, आत्मविश्वास बाळगा, तुम्ही काहीही करू शकता. मीही अशी भाषणे केली आहेत. तेव्हा पुढची टीका आधी माझ्यावर आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या भाचीचा असाच सत्कार झाला. उर्दू माध्यमातून दहावीला ८४ टक्के. आठवडाभरात आपाचा फोन आला, पोरगी कॉलेजला जायला तयार नाही. मी भाचीला विचारले तर ती रडायलाच लागली. प्रवेशाच्या चौकशीला गेली असताना खिडकीवर ती ‘माझा नाव’ म्हणाली होती आणि रांगेतल्या मुली हसल्या होत्या. एवढेच.

ज्यांच्या घरात मराठी बोलली जाते त्यांना यात काय अवघड आहे ते कळणार नाही. उर्दूत लिंगे दोनच. ‘नाम’ पुल्लिंगी, ‘घर’ पुल्लिंगी, ‘पानी’ही पुल्लिंगी. मराठीत मात्र नाव, घर, पाणी तिन्ही नपुंसकलिंगी, आणि आमच्या दखनी बोलणाऱ्या मुलांच्या कानाला हे तिसरे लिंग ठाऊकच नसते. त्यात ‘ण’ आणि ‘ळ’ यांना उर्दू लिपीत स्वतःचे अक्षर नाही. शाळेत मराठी हा विषय असतो, पण तो लिहून पास होण्याचा. तोंडाने बोलायची वेळ येते ती थेट खिडकीपाशी, मागे रांग उभी असताना.

मी तिला धीर देणारे बरेच काही बोललो. तिने ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशीही तिचे उत्तर तेच, ‘मामू, मला नाही जमणार.’

मग मी कॉलेजचा विषयच बंद केला. म्हटले बेटा, या आठवड्यात फक्त एसटीचे तिकीट मराठीत मागायचे. गावाचे नाव आणि दोन शब्द, बस्स. पुढच्या आठवड्यात स्टेशनरीच्या दुकानात जाऊन वहीचा भाव विचारायचा आणि दुसरी दाखवायला सांगायचे. त्यानंतर रोज रात्री फोनवर वर्तमानपत्रातली एक बातमी मोठ्याने वाचून ती तीन वाक्यांत आपल्या शब्दांत सांगायची. मी चुका लगेच दुरुस्त करायचो नाही. बोलणे संपल्यावर एकच चूक सांगायचो.

हे माझ्या डोक्यातून निघालेले नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९६९ साली सापाला घाबरणाऱ्या लोकांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. आधी काचेआडून दुसऱ्याला साप हाताळताना पाहायचे, मग त्याच खोलीत जायचे, मग हातमोजे घालून स्पर्श करायचा, शेवटी उघड्या हाताने. नुसती फिल्म पाहणाऱ्यांपेक्षा असे टप्प्याटप्प्याने करून पाहणाऱ्यांची भीती जास्त गेली. पुढे १९७७ साली त्यांनी सिद्धांत मांडला की ‘मला जमेल’ हा विश्वास सर्वांत जास्त स्वतः करून दाखवलेल्या कामातून येतो. दुसऱ्याने समजावून दिलेला विश्वास त्यापुढे कच्चा असतो. म्हणजे शादीखान्यातले आमचे तासभराचे भाषण.

बांडुरांनी आणखी एक गोष्ट सांगितली आहे, ती आपण विसरतो. सगळेच सोपे मिळत गेले तर माणूस पहिल्या धक्क्यालाच बसतो. म्हणून पायरी लहान हवी, पण थोडी अवघडही हवी.

चौथ्या आठवड्यात तिला पोस्टात पाठवले, खाते उघडायला काय लागते ते विचारायला. तिने नीट मराठीत विचारले. पलीकडच्या माणसाने तिच्या स्कार्फकडे पाहिले आणि हिंदीत उत्तर दिले. त्याचा हेतू वाईट नसेलही. सौजन्य म्हणूनच बोलला असेल. पण तीन आठवडे चढून आलेल्या मुलीच्या पायाखालची पायरी त्याने काढून घेतली. घरी येऊन म्हणाली, ‘मी बोलले ती मराठी नव्हती का?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. माझ्या मराठी वाचकांकडे मात्र एक मागणे आहे. समोरचा अडखळत का होईना मराठीत बोलत असेल, तर नाव किंवा पेहराव पाहून भाषा बदलू नका. दोन मिनिटे जास्त लागतील, लागू द्या.

दोन दिवस ती बाहेर पडली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच परत पोस्टात गेली आणि म्हणाली, ‘साहेब, मराठीतच सांगा.’ मी तिला हे शिकवले नव्हते. फॉर्म घेऊन आली.

आता ती बारावीत आहे. घाईत असली की अजून ‘माझा घर’ म्हणते. मग स्वतःच थांबते, दुरुस्त करते आणि पुढे बोलत राहते.

यंदा सत्कार समितीचे लोक पुन्हा भाषणासाठी आले. मी म्हटले, भाषण नको, चार टेबले मांडा. एकावर बँकेचे फॉर्म, एकावर शिष्यवृत्तीचे, एकावर एसटीच्या पासाचे, आणि चौथ्यावर बसून मी मुलांशी फक्त मराठीत बोलतो. त्यांनी आपसांत थोडी चर्चा केली. मग अध्यक्ष म्हणाले, ‘टेबलांचं पुढच्या वर्षी बघू. यंदा आपण अर्धा तास भाषणच करा.’