फवारणीची नोंद आणि गर्भातले मूल

कीटकनाशकांमुळे मूल स्वमग्न होते काय, म्हणजे त्याला ऑटिझम होतो काय, हा प्रश्न हल्ली मला अनेकजण विचारतात. ‘हो’ म्हणण्याइतका पुरावा आज नाही. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखाही उरलेला नाही, आणि त्याचे श्रेय कॅलिफोर्नियातल्या एका रुक्ष सरकारी नोंदवहीला द्यायला हवे.

बदाम-द्राक्षे पिकवणाऱ्या या अमेरिकी राज्यात १९९० पासून शेतीतल्या फवारणीची नोंद सक्तीची आहे. कोणते औषध (शेतकरी विषालाही औषधच म्हणतो!), किती, कुठे, कधी, सारे त्यात असते. गरोदर स्त्रियांचे पत्ते या नोंदींशी ताडता येतात. डेव्हिसच्या विद्यापीठाने २०१४ साली तसे केले. घरापासून दीडएक किलोमीटरच्या परिसरात ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधे फवारली असता मूल स्वमग्न असण्याची शक्यता सुमारे ६० टक्क्यांनी अधिक आढळली. किडीच्या मज्जासंस्थेवर घाला घालणारी ही औषधे माणसातही तोच मार्ग धरतात. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाने २०१९ साली २,९६१ स्वमग्न मुलांच्या नोंदी तपासल्या. तेथे क्लोरपायरीफॉस, ग्लायफोसेट आदी औषधांच्या बाबतीत वाढ दिसली ती १० ते १६ टक्के.

म्हणजे किती? हजारात दहा मुले स्वमग्न असतील, तर १६ टक्के वाढीने ती अकरा-बारा होतील. शिवाय घराजवळ फवारणी झाली म्हणून आईच्या शरीरात औषध गेलेच, असे नव्हे. या अभ्यासांत ते मोजलेले नाही. आनुवंशिकतेचा वाटाही मोठा आहे. स्वमग्नतेचे खापर आईच्या ‘थंड’ स्वभावावर फोडणारे तज्ज्ञ एके काळी होऊन गेले. आता ‘गरोदरपणी शेतात का गेलीस?’ असे कोणी सुनेला विचारू नये.

क्लोरपायरीफॉसचा शेतीतला वापर कॅलिफोर्नियाने २०२० अखेर जवळजवळ थांबवला. २०२५ मध्ये स्टॉकहोम कराराने काही सवलती ठेवून ते जागतिक बंदीच्या यादीत घातले. आपल्याकडे पिकांवर आणि घराच्या पायात वाळवीसाठी ते वर्षानुवर्षे वापरले गेले आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा विष डोळ्यांना दिसले. गर्भावरचा परिणाम, असलाच तर, वर्षांनी दिसणार. कोणत्या शेतात कोणत्या दिवशी काय फवारले, याची कॅलिफोर्नियासारखी सार्वजनिक नोंद आपल्याकडे नाही. मग विदर्भातल्या आईचा पत्ता संशोधकाने ताडून पाहायचा तो कशाशी?