पुणे-नाशिक रेल्वे आणि खोडदची दुर्बीण: निर्णय नेमका कोणाचा?

पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वे नारायणगावमार्गे नेता येणार नाही, खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या कामात अडथळा येईल, असं रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी संसदेत सांगितलं. तेव्हापासून जुन्नर-आंबेगावात एक प्रश्न फिरतोय: ज्यांना आपण निवडून दिलं नाही, ते शास्त्रज्ञ आपली रेल्वे कशी अडवू शकतात?

आधी तांत्रिक भाग. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना अवकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओ लहरी टिपतात. विजेवरच्या रेल्वेत उडणाऱ्या ठिणग्यांतूनही अशा लहरी निघतात. म्हणून हरकत.

पण हरकत म्हणजे निर्णय नव्हे. जीएमआरटी अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत येते. रेल्वे आणि अणुऊर्जा हे दोन्ही विषय राज्यघटनेच्या केंद्र सूचीत आहेत, त्यामुळे ग्रामसभेने कितीही ठराव केले तरी ते दिल्लीवर बंधनकारक नाहीत. शास्त्रीय संस्थेने मतं बघून सल्ला देऊ नये, हे बरोबरच. मंत्र्यांना मात्र लोकसभेला उत्तर द्यावं लागतं, आणि तिथे शिरूरचा खासदार प्रश्न विचारू शकतो.

नुसतं 'शास्त्रज्ञ म्हणाले' एवढ्यावर जमीन आणि रोजगाराचा विषय मिटत नाही. दुर्बिणीपासून किती अंतर सुरक्षित? लहरी रोखण्याचे उपाय तपासले का? ही कागदपत्रं २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली कोणीही मागू शकतं. केंद्रीय कार्यालयासाठी अर्जाचं शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.