इंट्राडेचा पहिला सौदा करण्याआधी

शेअर घेऊन त्याच दिवशी विकायचे, किंवा आधी विकून मग घ्यायचे, सकाळी ९.१५ ते दुपारी ३.३० या वेळेतला हा व्यवहार म्हणजे इंट्राडे. डिमॅट खाते आणि मोबाइल असला की सुरुवात होते. इतकी सोपी सुरुवात हीच अडचण आहे. ‘सेबी’च्या २०२४मधील अभ्यासानुसार २०२२-२३मध्ये इंट्राडे करणाऱ्या दहापैकी सात जणांना तोटा झाला. तिशीच्या आतल्यांत हे प्रमाण ७६ टक्के.

किमान २० टक्के मार्जिन भरून सौदा करता येतो. म्हणजे २० हजारांत लाखाचे शेअर. भाव दोन टक्के घसरला की दोन हजार गेले, स्वतःच्या पैशाचे दहा टक्के. वर दलाली, एसटीटी, जीएसटी, मुद्रांक शुल्क. तोटा झालेल्यांनी तोट्याच्या ५७ टक्के इतकी रक्कम अशा खर्चावर वेगळी घालवली, असे हाच अभ्यास सांगतो. टेलिग्रामवर ‘टिप’ देणाऱ्यांना हा खर्च कधी आठवत नाही.

पगाराच्या उत्पन्नातूनही हा तोटा वजा होत नाही. प्राप्तिकर खाते तो सट्ट्याचा मानते. विवरणपत्र मुदतीत भरले, तर चार वर्षे पुढे नेता येतो, पण वळता होतो तो सट्ट्याच्याच नफ्यातून.